मागून बसलेली गाडी

कापसाची वेचणी सुरू झाली की वर्धा जिल्ह्यातल्या गॅरेजांमध्ये एक तक्रार हमखास येते: गाडी मागून बसली आहे, शॉकअप बदलून द्या. गाडी बहुधा बोलेरो असते, नाहीतर जुनी सुमो, मार्शल किंवा ट्रॅक्स. पाटीवर एमएच ३२, इंजिन अजून दणकट, पण मागचा बंपर रस्त्याकडे झुकलेला. मिस्त्री शॉक बदलून देतो, मालक पैसे मोजतो आणि गाडी गॅरेजातून बाहेर पडते ती तेवढीच बसलेली.

या दहा मिनिटांत बाकी काही विसरलं तरी चालेल, पण एक गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवायची आहे. शॉक गाडीचं वजन उचलत नाही. वजन उचलतो पाटा, म्हणजे चासी आणि अॅक्सल यांच्यामधली पोलादी पट्ट्यांची कमान. दबलेला पाटा उसळून परत वर येतो आणि मग वरखाली होत राहतो. ती उसळी मोडणं हे शॉकचं काम. शॉकच्या नळीत तेल असतं, दट्ट्याला बारीक छिद्रं आणि झडपा असतात. चाक हललं की तेल त्या छिद्रांतून रेटलं जातं आणि हालचालीची उष्णता होते. उभ्या गाडीत दट्ट्या हलतच नाही, त्यामुळे साधा शॉक तिथे नुसता लटकलेला असतो. आणि गाडी बसलेली दिसते ती उभी असतानाच.

अंगणातली बाज डोळ्यांसमोर आणा. वर्षानुवर्षं माणसं निजून तिला झोळ पडतो. त्या झोळावर नवी गादी टाकली तर अंगाला बरं वाटेल, पण झोळ जाईल का? झोळ काढायचा तर पायथ्याच्या दोऱ्या ताणाव्या लागतात, आणि दोरीच कुजली असेल तर बाज नव्याने विणावी लागते. गाडीत पाटे म्हणजे त्या दोऱ्या आणि शॉक म्हणजे गादी. लोक गादी बदलतात आणि पाठ दुखते म्हणून पुन्हा गादीवाल्यालाच बोल लावतात.

इथे एखादा जाणता माणूस म्हणेल की गॅसचा शॉक टाकल्यावर गाडी थोडी उचलल्यासारखी वाटली. खरं आहे, वाटते. गॅसच्या शॉकमध्ये नायट्रोजन दाबाने भरलेला असतो आणि तो दांड्याला बाहेर ढकलतो. किती ढकलतो, ते हिशेबाने पाहावं. दांडा १२ मिलिमीटर जाड असेल तर त्याच्या छेदाचं क्षेत्रफळ होतं सुमारे १.१३ चौरस सेंटिमीटर. एकनळी शॉकमध्ये दाब २५ बार धरला तर एका शॉकचा रेटा येतो २९ किलोच्या आसपास. दोन शॉकचे मिळून ५८ किलो, म्हणजे एका माणसाचं वजन. दुहेरी नळीच्या शॉकमध्ये दाब बराच कमी असतो. ६ बार धरला तर एका शॉकचे जेमतेम सात किलो. मागे सहा माणसं आणि तुरीचे कट्टे घेऊन निघालेल्या गाडीला एवढ्याने काय आधार मिळणार?

म्हणून पहिलं काम मोजण्याचं. सपाट जागेवर गाडी उभी करावी, चारही टायरांत हवा नीट भरावी, गाडीतलं सामान उतरवावं. मग चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजावं, डावीकडे आणि उजवीकडे. टायर घासलेला असला तरी या मापात फरक पडत नाही, जमिनीपासून मोजलं तर पडतो. त्याच मॉडेलची धड असलेली दुसरी गाडी शेजारी उभी करून तिचंही माप घ्यावं. एकच बाजू खाली असेल तर त्या बाजूचा एखादा पाटा तुटलेला असण्याचा संशय घ्यावा. नंतर गाडीखाली वाकून पाहावं: पाटा बाकदार आहे, सपाट झाला आहे की उलटा वाकला आहे? चासीखालचा रबरी ठोकळा चेपला आहे का? पाट्याचं टोक चासीला जोडणारी शॅकल कोणत्या बाजूला कलली आहे? पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टाजवळ ताज्या गंजाची तांबडी रेघ दिसते का? एवढं पाहायला गॅरेजवाल्याचीही गरज नाही. तरी लोक पाहत नाहीत.

पाटे का बसतात, याचं उत्तर ओझ्यात आहे आणि ओझं कुठे ठेवलं यातही आहे. बोलेरोच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर २६८० मिलिमीटर. मागच्या अॅक्सलच्या दोन फूट मागे पाच क्विंटल माल ठेवला तर मागच्या चाकांवर पाचशे किलो पडत नाहीत, सुमारे ६१० पडतात, आणि पुढची चाकं ११० किलोंनी हलकी होतात. मग चालक म्हणतो की स्टिअरिंग हलकं लागतं, गाडी रस्ता धरत नाही. रात्री हेडलाइटचा झोत आकाशाकडे जातो आणि हिंगणघाटच्या वाटेवर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. त्यात आपल्या कापसाच्या काळ्या जमिनीची भर. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरचे गावरस्ते लाटांसारखे उंचसखल होतात. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला, नागपूर ते शिर्डी हा त्याचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, पण शेतातला कापूस बाजारापर्यंत जातो तो समुद्रपूर, सेलू, आर्वीकडच्या त्या लाटांवरूनच.

ओझ्याचं दुसरं उदाहरण बोर व्याघ्र प्रकल्पाचं. २०१४ साली त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. जंगलात पर्यटकांना फिरवायची गाडी म्हणजे मारुतीची जिप्सी. कंपनीने ती १९८५ साली बाजारात आणली आणि तिच्या चारही चाकांना पाटेच आहेत. जिप्सीचं स्वतःचं वजन साधारण हजार किलो. तिच्या मागच्या भागात उंच बाकं बसवून सहा पर्यटक, शिवाय वाटाड्या आणि चालक, असे आठ जण बसले की पाचशे किलोंवर वजन वाढतं, गाडीच्या निम्म्याहून जास्त. अशा गाडीचे पाटे सपाट झाले तर त्यांना दोष देता येत नाही. शॉकला तर नाहीच नाही.

आता इलाज. सगळ्यात स्वस्त म्हणून लोक अॅक्सल आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालतात. हे म्हणजे झोळ पडलेल्या बाजेच्या पायांखाली विटा ठेवणं. बाज उंच झाली, झोळ आहे तिथेच. पाटा थकलेलाच राहतो, आणि ब्रेक मारताना किंवा चढावर रेस देताना ठोकळ्यामुळे त्याला जास्त पीळ बसतो.

दुसरा इलाज कमानवाल्याकडचा. तो पाटे सुटे करतो आणि थंडच ठोकून त्यांना पुन्हा बाक देतो. हे काम जुनं आणि उपयोगाचं आहे, हाताला सवय असलेल्या माणसाने केलं तर गाडी सरळ उभी राहते. पण थकलेल्या पोलादाची ताकद ठोकून परत येत नाही, ओझं पडलं की पाटा पुन्हा खाली जातो. आणि कोणी गॅसच्या ज्योतीने लाल करून बाक देत असेल तर गाडी तिथून काढून न्यावी. पाट्याचं पोलाद सिलिकॉन-मँगनीजचं असतं. कारखान्यात ते ८५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तेलात बुडवतात आणि मग ४५० ते ५०० अंशांवर पुन्हा भाजतात, तेव्हा त्यात लवचीकपणा येतो. ज्योतीने तापवून हवेत गार केलेला पाटा एकतर मऊ पडतो, नाहीतर तापवलेल्या जागीच तुटतो.

तिसरा इलाज जादा पाटा चढवण्याचा. इथे थांबून विचार करावा. त्याच जाडीच्या पाच पाट्यांत सहावा चढवला की ताठरपणा साधारण पाचव्या हिश्शाने वाढतो. पण पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, त्यामुळे सात मिलिमीटरच्या जागी आठ मिलिमीटरचा पाटा घातला तर तो एकटा पाटा जवळजवळ दीडपट ताठर होतो. रोज माल वाहणाऱ्या गाडीला हे चालतं. म्हाताऱ्या आईवडिलांना महिन्यातून एकदा सेवाग्रामच्या दवाखान्यात नेणाऱ्या गाडीला चालत नाही. रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यात मागून आपटते आणि मालक पुन्हा म्हणतो, शॉक खराब आहे!

खरा इलाज नव्या पाट्यांचा. दोन्ही बाजूंचे एकदम, सोबत नवे बुश, नवा सेंटर बोल्ट आणि पाटे अॅक्सलला बांधणारे नवे यू-बोल्ट. चांगल्या कारखान्याचे पाटे मिळायला अडचण नाही. यमुनानगरची जमना ऑटो १९५४ पासून हेच काम करते आहे.

पाटे ठरले की मगच शॉक निवडायचा. हा क्रम उलटा केला की पैसे वाया जातात, म्हणून पुन्हा सांगायचं: आधी पाटा, मग शॉक. शॉक मेला आहे की जिवंत, ते साध्या रीतीने कळतं. खराब रस्त्यावर काही किलोमीटर गाडी चालवून थांबावं आणि मागच्या दोन्ही शॉकना हात लावावा. एक गरम आणि दुसरा गार असेल तर गार आहे तो काम करत नाही. नळीवर तेल ओघळून धूळ चिकटली असेल, टायरवर जागोजागी खोलगट चट्टे पडले असतील, तर आणखी परीक्षा नको.

निवडताना लोक कंपनीचं नाव आधी विचारतात. गॅब्रिएल इंडियासारखी कंपनी १९६१ पासून देशात शॉक बनवते आहे, नावाची चिंता करायला नको. विचारायचं ते मापाबद्दल. पूर्ण मिटलेला शॉक केवढा, पूर्ण उघडलेला केवढा, आणि आपल्या गाडीत चाक अगदी खाली लोंबलं आणि अगदी वर दबलं तर दोन टोकांमधलं अंतर केवढं? नव्या पाट्यांनी गाडी दोन इंच उचलली गेली आणि शॉक जुन्याच लांबीचा राहिला तर प्रत्येक खड्ड्यात तो पूर्ण ताणला जाऊन आतून ठोका खातो आणि त्याचं सील लवकर जातं.

दुसरी गोष्ट कडकपणाची, आणि बहुतेकांची समजूत इथेच चुकते. थकलेल्या पाट्यावर फार कडक शॉक लावला तर गाडी चालताना आणखी खाली जाते. खड्ड्यात दबलेलं चाक पुन्हा खाली यायच्या आत दुसरा खड्डा येतो, कडक शॉक चाकाला परत येऊ देत नाही, आणि आमच्या लाटांच्या रस्त्यावर गाडी बसत बसत रबरी ठोकळ्यावर टेकते. ताठर पाट्याला उसळी आवरणारा कडक शॉक, मऊ पाट्याला मध्यम. शॉक पाट्याच्या जोडीने ठरतो. गावात आणि बाजारापर्यंतच फिरणाऱ्या गाडीला दुहेरी नळीचा साधा शॉक पुरतो. लांबच्या कच्च्या रस्त्यावर सतत पळणाऱ्या गाडीला एकनळी गॅसचा बरा, कारण तो उष्णता लवकर टाकतो आणि त्याच्या तेलाला फेस येत नाही. पण त्याच्या नळीला दगड लागून पोचा पडला तर दट्ट्या तिथेच अडकतो, हेही लक्षात घ्यावं.

वेळ थोडा उरला आहे आणि ब्रेकचं सांगायचं राहून जाईल. बऱ्याच जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकसाठी ओझं ओळखणारी एक झडप असते, अॅक्सलपासून निघालेल्या छोट्या दांड्याने तिला कळतं की गाडी किती बसली आहे. गाडी बसलेलीच असेल तर झडप समजते की माल भरलेला आहे आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक देते. ओल्या रस्त्यावर रिकामी गाडी मागून घसरते. उलट नव्या पाट्यांनी गाडी उंच झाली तर भरल्या गाडीलाही मागे ब्रेक कमी मिळतो. पाट्याचं काम झाल्यावर हा दांडा पुन्हा लावून घ्यायला सांगावं. मिस्त्री विसरतात, मालकाने विसरू नये.

स्कॉर्पिओ, सफारी, इनोव्हा या कॉइलवाल्या गाड्यांबद्दल एवढंच सांगता येईल की कॉइलच्या वेढ्यांत रबरी ठोकळे घालण्यापेक्षा कॉइलची जोडी बदलावी. ठोकळ्यामुळे सगळा ताण उरलेल्या वेढ्यांवर जातो. त्या गाड्यांच्या मागच्या दांड्यांचे बुश हा वेगळा विषय आहे, तो इथे सोडून द्यावा लागतो.

पाट्यांचे आणि शॉकचे बुश कसताना गाडी जॅकवर लटकलेली नसावी, चाकांवर उभी असावी. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत कसलं जातं आणि काही महिन्यांत फाटतं. आणि यू-बोल्ट पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्यावेत, शक्यतो गाडीत पहिला कापूस भरण्याआधी.