कचेरींतील सामायिक प्रिंटर

मुक्ताईनगरच्या एका शाळेंत माझी उभी हयात गेली. सेवानिवृत्तीनंतरहि दफ्तराच्या कामास हातभार लावण्यासाठीं मी अधूनमधून तेथें जातों. त्या दफ्तरांतील एक प्रसंग आज सांगतों.

प्रवेशाचा अखेरचा दिवस होता. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठीं एक मुलगी बापाबरोबर आली होती. बापानें त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडलें होतें. दुपारीं वीज गेली, पुन्हां आली. लेखनिकानें दाखला छापण्याची आज्ञा तीनदां दिली. प्रिंटर मात्र ढिम्म. यंत्र बिघडलें, असें जो तो म्हणूं लागला. वास्तविक यंत्र ठणठणीत होतें. बदलला होता तो त्याचा पत्ता.

जाळ्यांतील प्रत्येक यंत्रास राऊटर एक क्रमांक देतो. तो कायमचा नसतो. राऊटर बंद होऊन पुन्हां सुरू झाला कीं निराळा मिळूं शकतो. बिऱ्हाड बदललेल्या आप्तास जुन्या पत्त्यावर पत्रें धाडावीं, तसें आमचे संगणक करीत होते.

उपाय सोपा आहे. प्रिंटरला कारखान्यांतच बारा चिन्हांची एक कायमची ओळख दिलेली असते. राऊटरमध्यें तिची नोंद करून एक पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०, त्या यंत्रापुरता राखून ठेवावा व प्रत्येक संगणक त्याच पत्त्यानें प्रिंटरशीं जोडावा. कित्येक कचेऱ्यांत प्रिंटर एका लेखनिकाच्या संगणकास जोडून त्याच्या मार्फत इतर सर्व छापतात. तो गृहस्थ संगणक बंद करून घरीं गेला कीं सारी कचेरी खोळंबते.

ही गरज जुनीच. अमेरिकेंत झेरॉक्सच्या संशोधनशाळेंत १९७३ सालीं रॉबर्ट मेटकाफ यांनीं ईथरनेटची कल्पना मांडली, तेव्हां अनेक संगणकांस एकच लेझर प्रिंटर वापरतां यावा, हा तिचा एक हेतु होता. आम्हां खानदेशकरांस तर यांत नवल वाटूं नये. पांझरेकांठच्या फड पद्धतींत बंधारा एक, पाट एक, शेतकरी अनेक. पाण्याची पाळी पाटकरी सांभाळी. प्रिंटरमध्यें कामांची रांग आपोआप लागते; परंतु कागद भरणें, शाई पाहणें, अडलेलें काम काढून टाकणें, यांसाठीं एक पाटकरी नेमावाच लागतो. एरवीं तो बारभाईंचा कारभार होतो.

आणखी एक सावधगिरी हवी. सामायिक यंत्रावर एकाचें गुणपत्रक वा पगारपत्रक दुसऱ्याच्या हातीं पडूं शकतें. यंत्रांत सोय असल्यास, ठराविक अंक दाबल्यावांचून कागद बाहेर येऊं नये अशी व्यवस्था करावी. कारखान्यांतून आलेला परवलीचा शब्दहि पहिल्याच दिवशीं बदलावा.

त्या दिवशीं अखेर छापील नमुन्यावर मींच दाखला हातानें लिहिला, मुख्याध्यापकांनीं सही-शिक्का केला, आणि मुलीनें वेळ गांठली. सायंकाळीं जुनाच पत्ता राखून देतांच तिचे तीन दाखले एकामागून एक बाहेर पडले. ते मीं फाडून टाकले, व पत्त्याची चिठ्ठी यंत्रावर डकवून घरीं आलों.