मेंढी लहान, पण नाव कोणाचे?

(मार्केट यार्ड, पुणे येथे कष्टकरी बायकांच्या बचत गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



तुम्ही इथे भुसार बाजारात धान्य निवडता, कांदा-बटाटा वेगळा करता. तुमच्यातल्या अनेकींचे गाव दुष्काळी पट्ट्यातले. तिथे घरची एक-दीड एकर जमीन आहे. गाय परवडत नाही, म्हणून लहान चणीच्या मेंढ्या पाळाव्यात असा विचार काही गटांत चालू आहे. विचार चांगला आहे. पण मेंढी दारात येण्याआधी कोणती तयारी हवी, ते आज बोलू या.

बंगालच्या सुंदरबनात गॅरोल नावाची मेंढी असते. पूर्ण वाढलेली मादी पंधरा किलोंच्या आसपास, म्हणजे आपल्या दख्खनी मेंढीच्या साधारण निम्मी. पण ती एका वेताला दोन, कधी तीन कोकरे देते. दख्खनी बहुधा एकच देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गॅरोलचा हा जुळ्यांचा गुण संकरातून दख्खनी मेंढीत आणला. अंग मात्र दख्खनीसारखेच मोठे ठेवले, कारण बाजारात वजनालाच पैसे मिळतात. या मेंढीला 'नारी सुवर्णा' म्हणतात. यातून आपण एवढे शिकावे की मेंढी ठेंगणी असण्यापेक्षा कळप आपल्याला झेपेल एवढा असणे महत्त्वाचे. पाच माद्यांपासून सुरुवात करा. नर एकेकीने घेऊ नका, चार-पाच जणींत मिळून एक पुरतो. दर दोन वर्षांनी तो बदला, नाहीतर बापलेकींचा संकर होऊन कोकरे कमजोर निघतात.

जुळी झाली की उत्पन्न दुप्पट, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. जुळ्यांतले एक कोकरू बहुधा अशक्त असते. जन्मल्यावर तासाभरात त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे. मेंढी पाच महिने गाभण असते, त्यातल्या शेवटच्या दीड महिन्यात तिला वाढीव खुराक लागतो. आता रात्री दोन वाजता उठून कोकराला आचळाला कोण लावणार? घरातली बाईच. 'लहान जनावर म्हणजे बायकांचे काम' असे म्हणताना हे श्रम कुणी मोजत नाही. ते आपण मोजायचे. पाणी, चारा, झाडलोट, रात्रीची जाग यांतले कोण काय करणार, हे मेंढी घेण्याआधी घरात सगळ्यांसमोर ठरवून घ्या.

चाऱ्याची सोय आधी, जनावर नंतर. बांधावर शेवरी, हादगा लावा. पाणी असेल तर चार गुंठे लसूणघास करा. कडबा, भुईमुगाचा पाला साठवा. गोठ्यात एका मेंढीला दहा चौरस फूट कोरडी जागा हवी. पावसाळ्यापूर्वी जंताचे औषध आणि आंत्रविषाराची लस द्या. पीपीआरची लसही टोचून घ्या. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. गाई-म्हशींसाठी मिळणारे खनिज मिश्रण मेंढीला घालू नका. त्यात तांबे जास्त असते आणि ते मेंढीला सोसत नाही. हे सारे पुस्तकातूनच शिकावे असे नाही. वाड्यावर कोकरे सांभाळणाऱ्या धनगर बायकांना ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या येते. त्यांना गटात बोलवा, मानाने विचारा आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या.

आता नावाचा प्रश्न. 'नारी सुवर्णा'तले 'नारी' हे संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आलेले आहे. बाईशी त्याचा संबंध नाही. तो संबंध आपल्याला जोडायचा आहे. या यार्डात तुम्ही रोज बघता, माल बाईने पिकवला तरी हिशेबपट्टी बहुधा पुरुषाच्या नावाने फाटते. मेंढीचेही तसेच होते. वर्षभर बाई सांभाळते आणि बाजाराच्या दिवशी दावे पुरुषाच्या हातात जाते. घरात पैसे किती आले, हे तिला संध्याकाळी कळते, कधी कळतही नाही.

म्हणून तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून करा. विमा काढाल तो बाईच्या नावाने काढा आणि कानातल्या बिल्ल्याचा नंबर गटाच्या वहीत तिच्या नावापुढे लिहा. विक्रीचे पैसे तिच्या खात्यावर येऊ द्या. आणि तिची सही असल्याशिवाय मेंढी विकायची नाही, असा ठराव गटात करा. जमिनीचेही विसरू नका. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्माने हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ साली झाली, २००५ मध्ये ती देशभर झाली. तरीही सातबाऱ्यावर आपले नाव आहे का, हे आपल्यातल्या कितीजणींनी पाहिले आहे? गोठा बांधण्याआधी तो उतारा काढून बघा.

शेवटचे काम तुमच्या रोजच्या सवयीतले आहे. आठवडी बाजारात मेंढी नजरेने विकली जाते. व्यापाऱ्याची नजर तयार असते, आपण अंदाजावर राहतो. पण काट्याशेजारी उभ्या राहून तुमचा जन्म गेला आहे. वजनात कुठे मारतात, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. गटाने मिळून एक लटकता काटा घ्यावा. कोकरू जन्मल्यापासून दर महिन्याला तोलावे, वहीत लिहावे आणि किलोचा भाव ठरल्याशिवाय दावे सोडू नये.

मेंढी घ्यायची की नाही, हे प्रत्येकीने आपापले ठरवावे. पण वही आणि काटा आधी घ्या, मेंढी त्यानंतर.