सायकलीवरचे पितृऋण

(एका भाषणाचा संक्षेप)



ब्रिटनच्या नैर्ऋत्य टोकाला लँड्स एंड आहे आणि ईशान्येला जॉन ओ'ग्रोट्स. रस्त्याने हे अंतर सुमारे १,४०० किलोमीटर भरते. दर उन्हाळ्यात अनेक सामान्य माणसे ते सायकलने कापतात. त्यांतल्या काहींच्या मनात स्मृतिभ्रंशाने गेलेली आई असते, वडील असतात. स्नेहीसोबती वर्गणी देतात आणि ती धर्मादाय संस्थेकडे जाते.

या कृतीची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्या बापाने मागून सीट धरून सायकल शिकविली, त्यानेच अखेरीस 'आपण कोण?' असे विचारावे, हे दुःख अंगात मुरते. ते पायांवाटे बाहेर पडत असेल तर पडो. पैसाही वाया जात नाही. लंडनचे बांधकाम व्यावसायिक जोसेफ लेव्ही यांना हा विकार जडला होता. त्यांच्या कुटुंबाच्या पुढाकाराने १९९० च्या सुमारास खास परिचारिका नेमल्या गेल्या. लेव्हींना नौकांचे वेड, म्हणून त्यांना 'अ‍ॅडमिरल नर्स' हे नाव पडले. रोग्याइतकेच, त्याची सेवा करता करता खचलेल्या पत्नीचे आणि मुलीचेही त्या ऐकून घेतात.

पण ज्या वृद्धेला सायकल चालविणारा मुलगाच नाही, तिचे काय?

ब्रिटनमध्ये कर्करोग्यावर सरकारी इस्पितळात मोफत उपचार होतात. स्मृतिभ्रंशाच्या रोग्याला न्हाऊ घालणे, भरविणे, रात्री जागून सांभाळणे यांस मात्र उपचार न म्हणता देखभाल म्हणतात. ही फाळणी जुनी आहे. अ‍ॅटलींच्या मजूर सरकारने ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली; त्याच दिवशी अमलात आलेल्या दुसऱ्या कायद्याने वृद्धनिवासाचा खर्च ज्याच्या-त्याच्या ऐपतीवर सोपविला. इंग्लंडात २३,२५० पौंडांहून अधिक मालमत्ता असलेल्यास निवासी देखभालीचा खर्च सामान्यतः स्वतःच सोसावा लागतो, आणि माणूस एकटा असेल तर त्याचे राहते घरही मालमत्तेत धरतात. हा आकडा २०१० साली ठरला, तेव्हापासून महागाई वाढली, आकडा हलला नाही. या खर्चाला आयुष्यभराची कमाल मर्यादा असावी, अशी शिफारस डिल्नॉट आयोगाने २०११ मध्ये केली. २०१४ मध्ये कायदाही झाला. अंमल मात्र लांबत गेला, आणि जुलै २०२४ मध्ये तिजोरीत पैसा नाही म्हणून हा बेत रद्द करण्यात आला. रद्द करणारे सरकार मजूर पक्षाचेच होते.