वजनकाट्यापासून ऑफिसपर्यंत



अंकुशनगर म्हटलं की समर्थ सहकारी साखर कारखाना आठवतो. म्हणून ऑफिसचं नेटवर्क समजून घ्यायला आपण कुठल्याही एका साखर कारखान्याचं उदाहरण घेऊ. फाटकाजवळ वजनकाटा, बऱ्याच अंतरावर हिशेब विभाग. उसाचं बिल टनावर निघतं, म्हणून काट्यावरची नोंद तिथं पोहोचलीच पाहिजे. जोडणी तुटली की ऊसगाड्यांची रांग लागते. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं, आणि ते नुकसान शेतकऱ्याचं.

ऑफिसच्या आत मांडणी सोपी असते. प्रत्येक संगणकाची तांब्याची केबल स्विचला, स्विच राउटरला, राउटर बाहेरच्या इंटरनेटला. बाहेरचं इंटरनेट गेलं तरी स्विच चालू असेल तर नोंद आतल्या सर्व्हरपर्यंत जाते. म्हणून "नेट गेलं" असं कुणी म्हणालं की आधी विचारा, आतलं की बाहेरचं?

तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर. काटा त्यापलीकडे असेल तर फायबर टाका. मध्ये स्विच ठेवून तांबंच पुढे ओढणारे असतात. उघड्या आवारात मला ते पटत नाही. प्रत्येक स्विचला वीज लागते, आणि तांब्यातून विजेचा झटका थेट यंत्रापर्यंत येतो. फायबर म्हणजे काच. सिंगल मोड फायबरचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. त्यातून प्रकाश जातो, त्यामुळे मोठ्या मोटारींचा त्रास त्याला होत नाही.

आता खरी गंमत. प्रकाश किती कमी होतो ते डेसिबलमध्ये मोजतात; ३ डेसिबल गेले म्हणजे निम्मा प्रकाश गेला. १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशाला किलोमीटरमागे साधारण ०.३५ डेसिबलची घट. म्हणजे ८०० मीटरला ०.२८. एका चांगल्या कनेक्टरलाच तेवढी घट होते, आणि तो मळका असेल तर त्याहून कितीतरी जास्त. कारखान्यात चिपाडाची धूळ सतत उडते. नवी केबल मागवण्याआधी कनेक्टर पुसा: धागे न सुटणारा कपडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. शर्टाच्या टोकानं नाही! आणि टोकात डोळा लावून बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

हे काम शिकायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. आधी तांब्याच्या केबलला कनेक्टर लावून टेस्टरवर तपासा. मग पॉवर मीटर वापरायला शिका, नंतर स्प्लायसिंग. केबल टाकली त्याच दिवशीची घट वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तक्रार आली की पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे साहेबांसमोर ठेवा.