उभी बाटली, आडवी बाटली
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चारचौघींत बोलायचा सराव म्हणाल तर हळदीकुंकवाला उखाणा घेण्यापुरता. पण निवडणूक आली की उमेदवार दारी येतात, हात जोडतात, आणि त्यांतला एखादा तरी दारूविषयी काही बोलून जातो. त्या बोलण्याचे पुढे घरात काय होते, एवढेच मला सांगायचे आहे.

आपल्या शेजारचा चंद्रपूर जिल्हाच घ्या. माझ्या धाकट्या नणंदेचे सासर तिकडचे. २०१० च्या डिसेंबरात तिकडच्या हजारो बाया श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामी यांच्याबरोबर चिमूरहून निघाल्या आणि पायी इथे नागपूरला अधिवेशनावर आल्या. मागणी एकच, जिल्ह्यात दारू बंद करा. वर्ध्याला बंदी कधीचीच होती, गडचिरोलीला १९९३ पासून होती. मग आमच्याच वाट्याला दुकाने का, हा त्यांचा साधा सवाल.

२०१४ च्या निवडणुकीत सुधीर मुनगंटीवार यांनी बंदीचा शब्द दिला. निवडून आले, राज्याचे अर्थमंत्री झाले, आणि १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली. दारूचा पैसा ज्या तिजोरीत पडतो तिची किल्ली ज्यांच्या कमरेला, त्यांनीच तो सोडला. शब्द पाळला, हे म्हणायलाच हवे.

नणंद सांगते, पहिले काही महिने गल्ली शांत झाली. संध्याकाळी बसस्टँडवरून एकटीने घरी यायची भीती गेली. पण तिचे यजमान रोजचे पिणारे, वर्षानुवर्षांचे. दुकानाला कुलूप लागले म्हणून अंगातली सवय थोडीच सुटते! दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, तिसऱ्या दिवशी भिंतीवर माणसे दिसतात म्हणून ओरडू लागले. सासूबाईंनी बाहेरची बाधा समजून लिंबू उतरवले. शेजारी राहणाऱ्या परिचारिकेने ओळखले आणि दवाखान्यात नेले, म्हणून निभावले. बायांनो, हे ध्यानात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. तिथे डॉक्टरच लागतो. बंदीच्या भाषणांत दुकानांची गोष्ट पुष्कळ झाली, पण ह्या माणसाला कुठे न्यायचे, हे नणंदेच्या दारी आलेल्या एकाही प्रचारकाने सांगितले नव्हते.

पुढे चोरटी दारू येऊ लागली. पूर्वीपेक्षा महाग, आणि बाटलीत काय आहे ते देव जाणे. नणंदेच्या घरचा पैसा जास्तच जाऊ लागला. मग सरकार बदलले. रमानाथ झा यांची समिती नेमली गेली. बंदी फसली, बनावट दारू वाढली, बायका-मुलांना वाहतुकीला जुंपले गेले, असे तिच्या अहवालात आले. त्या वेळचे पालकमंत्री विजय वडेट्टीवार यांनी बंदी उठवण्याची बाजू घेतली, आणि २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठवली. त्याआधी २०१९ मध्ये गोस्वामीबाई स्वतः ब्रह्मपुरीतून विधानसभेला उभ्या राहिल्या होत्या, त्या पडल्या. बंदी घालणाऱ्यांची सभा झाली, उठवणाऱ्यांचीही झाली. नणंदेचे यजमान दोन्ही वेळा घरातच होते.

आणखी एक उमेदवार सांगते, तुम्हाला हसू येईल. २०२४ च्या लोकसभेला चंद्रपुरातून वनिता राऊत उभ्या होत्या. निवडून आले तर गावोगावी बिअर बार काढीन, खासदार निधीतून गरिबाला उंची व्हिस्की स्वस्तात देईन, असे त्यांचे वचन. कारण काय, तर गरीब माणूस हलकी दारू बेसुमार पितो आणि आजारी पडतो. संसार मोडतात त्याचे काय, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, म्हणूनच पिणाऱ्याला परवाना असावा. मलाही हसू आले. पण मग कळले की परवाना कायद्यात आधीपासूनच आहे! १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आजही आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो. आपल्यापैकी कुणी घरात तो कागद पाहिला असेल तर हात वर करा.

(सभेत हशा.)

तेव्हा उमेदवार आला की बंदी घालणार की उठवणार, एवढ्यावर त्याला सोडू नका. आमच्या भागात व्यसन सोडवायला खाटा किती, औषध फुकट मिळेल का, कुणाला भेटायचे, हे विचारा. नणंदेचे यजमान शेवटी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांना जाऊ लागले, तेव्हा कुठे सुधारले. त्या सभा नागपुरातही भरतात, फी नसते. आणि १४४४६ हा सरकारी मदतीचा नंबर आहे, तो लिहून ठेवा.

आता आपल्या चौकातल्या दुकानाचे. त्यासाठी पाच वर्षे कुणाची वाट पाहायला नको. २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे प्रभागातल्या पाव हिस्सा महिला मतदारांनी सह्या करून अर्ज दिला, तर त्याची पडताळणी होऊन गुप्त मतदान होते. चिठ्ठीवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी जिंकली तर दुकान बंद. पण यात एक मेख आहे. मतदानाला आलेल्यांच्या निम्म्याहून जास्त मते मिळून भागत नाही. यादीत जितक्या बायकांची नावे, त्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे जी घरी पोळ्या लाटत बसली, तिचे मत उभ्या बाटलीलाच गेले. लग्न होऊन गेलेल्या लेकींची नावे यादीत तशीच राहतात, तीही उभ्या बाटलीकडे मोजली जातात. आणि नव्या सुना इथे राहतात, पण त्यांची नावे माहेरच्या यादीत.

म्हणून सह्यांच्या आधी यादी. मालतीबाईंनी प्रभागाची मतदार यादी आणून ठेवली आहे. शनिवारी दुपारी चार वाजता मंडळाच्या खोलीत या, येताना सुनेचे मतदार कार्ड आणा, आणि घरातले कोण कुठे गेले ते सांगा. चष्मा विसरू नका, अक्षर फार बारीक आहे.