दाट बागेचं पाणी आणि ज्वारीची एक पाळी
(विटा येथील बैठकीतील भाषण)



तुम्ही म्हणाल, आम्ही ज्वारी-कापूसवाले, आम्हाला डाळिंबाच्या बागेचं काय सांगता? सांगतो, कारण बागेची बोअर आणि तुमची विहीर एकाच भुईतलं पाणी ओढतात.

आता डाळिंब पंधरा बाय दहा फुटांवर लावतात. एकरी सुमारे ३०० झाडं बसतात. झाडं वाढली म्हणून बागायतदार पाणीही त्याच हिशेबानं वाढवतो. इथं चुकतं. पाणी खोडं पीत नाहीत, पानांवाटे उडून जातं. म्हणून झाडं मोजू नका, झाडाचा घेर मोजा.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवसाचं बाष्पीभवन ५ मिलिमीटर धरा. त्याला ०.७ आणि पिकाच्या ०.८ नं गुणा. चौरस मीटरला तीन लिटरसुद्धा होत नाहीत. आठ फूट घेराखाली जमीन येते ५ चौरस मीटर. म्हणजे झाडाला रोज १५-१६ लिटर पुरे. तासाला ४ लिटरचे दोन ड्रिपर असतील, तर दोन तासांत काम भागलं.

पण बटण दाबून माणूस गावात जातो आणि ठिबक चार तास चालतं. झाडामागे १६ लिटर जादा, एकराला रोज ४,८०० लिटर. पन्नास दिवसांत झाले २ लाख ४० हजार लिटर. तेवढ्या पाण्यात एक एकर ज्वारीला सहा सेंटीमीटरची एक पाळी बसते. आणि पेरल्यापासून पन्नास-पंचावन्न दिवसांनीच आपली ज्वारी पोटरीत येते. त्या एका पाळीवर कणीस भरायचं की पोचट राहायचं, हे ठरतं.

बहाराचंही तसंच. आंबे बहाराला ऐन उन्हाळ्यात पाणी लागतं. मृग बहारात एप्रिल-मे हा ताणाचा काळ, टंचाईत बाग विसावते. मात्र पावसात तेल्याचा धोका वाढतो, हेही ध्यानात ठेवा.

आता खरी गोष्ट. वाचलेल्या पाण्यावर त्यानंच आणखी एक एकर बाग लावली, तर तुमच्या विहिरीत थेंबही वाढणार नाही. ठिबकनं पाणी वाचतं, पण ते कुणाचं हे ठिबक ठरवत नाही. ते गावानं ठरवायचं. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनं पुरंदरात ते ठरवलं : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, उसाला पाणी नाही. आपल्याच येरळेवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं, तेही समान पाणीवाटपाच्या अटीवर.

टेंभूचं पाणी आलं, तरी हा हिशेब सुटत नाही. ते पाणी कृष्णेतून वीज जाळून वर चढवलेलं आहे.

तेव्हा गावोगाव बैठक घ्या. बागायतदाराला बोलवा, त्याच्याशी भांडू नका. घेर मोजा, ठिबकचे तास लिहून काढा आणि वाचलेल्या पाण्यातून पोटरीची एक पाळी आधी ज्वारीला, असा ठराव करा.