कारखान्यात बोलण्याची किंमत
(खामगाव येथे कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



आजच्या विषयाला विद्यापीठीय परिभाषेत ‘संघटनांतर्गत संज्ञापन’ असे भारदस्त नाव आहे. त्या नावाला दबून जाण्याचे कारण नाही. कारखान्यात, कचेरीत, आगारात कोण कोणाशी बोलतो, कोणत्या भाषेत बोलतो, कोणाचे बोलणे वरपर्यंत पोचते आणि कोणाचे वाटेतच जिरते, एवढाच त्याचा अर्थ. या प्रश्नावर गेली शंभर वर्षे पद्धतशीर संशोधन चालू आहे आणि त्यातील बराचसा भाग मालकवर्गाच्या पैशाने झालेला आहे. म्हणून तो टाकाऊ ठरत नाही; मात्र तो वाचताना कोणते प्रश्न विचारले गेले आणि कोणते विचारलेच गेले नाहीत, याकडे लक्ष ठेवावे लागते.

या संशोधनाचा उगम शिकागोजवळील हॉथॉर्न येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात झाला, असे सामान्यतः मानतात. १९२४ ते १९३२ या काळात तेथे अनेक प्रयोग झाले. दिव्यांच्या प्रकाशाचा प्रयोग सर्वांना ठाऊक असतो. माझ्या मते त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत. १९२८ ते १९३० या काळात कंपनीने एकवीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या. आरंभी ठरावीक प्रश्नावली होती. पुढे मुलाखत घेणाऱ्यांच्या ध्यानात आले की, कामगाराला जे सांगायचे असते ते प्रश्नावलीत नसतेच. तेव्हा त्याला मोकळेपणाने बोलू द्यायचे ठरले. ऐकून घेतले म्हणून माणसे सुखावली, असे संशोधकांनी नोंदवले. पण ज्यांनी ऐकले त्यांना मजुरीचा दर बदलण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्यांना अधिकार होता ते त्या खोलीत नव्हते.

दुसरी गोष्ट १९३१-३२ मधील. तारा जोडणाऱ्या चौदा कामगारांच्या एका खोलीचे निरीक्षण करण्यात आले. दिवसाचे किती काम करायचे हे त्या कामगारांनी आपसांत ठरवून टाकले होते. जो त्याहून अधिक काम करी त्याच्या दंडावर इतरजण बुक्की मारीत. एल्टन मेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अर्थ गटभावना असा लावला, हिशेबी विचार नव्हे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र हा हिशेब स्वच्छ दिसतो. मंदीचे वर्ष होते, माणसे कमी होत होती. काम वाढवले तर दर कापला जाईल किंवा शेजारच्याची नोकरी जाईल, ही भीती काल्पनिक नव्हती. त्या खोलीत संज्ञापनाचा अभाव मुळीच नव्हता. ते उत्तम चालले होते; फक्त ते वर जात नव्हते, कारण वर जाणे महाग होते.

माझ्या आजच्या म्हणण्याचा गाभा हाच आहे. व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके बोलण्याच्या कौशल्याविषयी पानेच्या पाने लिहितात, बोलण्याच्या किमतीविषयी फारसे लिहीत नाहीत. अपवाद आहेत. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडले की, बिघडत चाललेल्या संस्थेपुढे माणसाला दोन मार्ग असतात : निघून जाणे किंवा आवाज उठवणे. नायजेरियाच्या रेल्वेचे त्याचे उदाहरण मार्मिक आहे. रेल्वेवर नाराज झालेले व्यापारी मालमोटारींकडे वळले. जे सर्वांत मोठ्याने तक्रार करू शकले असते तेच निघून गेले आणि रेल्वे सुधारली नाही. त्याच वर्षी रोझेन व टेसर या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवले की, वाईट बातमी सांगण्याचे माणूस टाळतो, मग ती त्याच्या चुकीमुळे उद्भवलेली नसली तरी. यावर आपण हसू, पण भोपाळ विसरून चालणार नाही. तेथे डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीनच्या गळतीने एक कामगार दगावला. १९८२ मध्ये कंपनीच्याच अमेरिकी तपासनीसांनी दोष लिहून दिले. संघटनेने धोक्याची पत्रके काढली. तीन वर्षे शब्द उपलब्ध होते. १९८४ च्या डिसेंबरात काय झाले ते आपण जाणतोच.

आता आपल्या घरचे पाहू. मुंबईच्या गिरण्यांत साहेब आणि कामगार यांच्यामध्ये जॉबर असे. कामावर घेणे, काढणे, रजा, बदली, वेळप्रसंगी उसने पैसे हे सारे त्याच्या हाती. व्यवस्थापक वरच्या मजल्यावर, कामगार साच्यावर आणि दोघांमधील प्रत्येक शब्द जॉबरच्या तोंडून जाणार; दस्तुरी दिली तर शब्द पोचणार. १९३१ मध्ये व्हिटली आयोगाने ही सत्ता जॉबरकडून काढून घ्यावी आणि कामगार अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. जॉबरची जागा पुढे कायद्याने एका वेगळ्याच मध्यस्थाला दिली. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ अन्वये एका उद्योगात एकच ‘प्रातिनिधिक संघ’ कामगारांच्या वतीने बोलू शकत असे. गिरण्यांत तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. त्याच्यावर कामगारांचा विश्वास आहे की नाही, हे गुप्त मतदानाने तपासण्याची सोय कायद्यात नव्हती. १९८१ च्या दिवाळीतील बोनसच्या तडजोडीवरून असंतोष उफाळला, कामगार डॉ. दत्ता सामंतांकडे गेले आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्या संपाच्या अपयशाची कारणे अनेक आहेत, त्यांत गिरणीधंद्याची अवस्था आणि यंत्रमागांची वाढ हीही येतात. परंतु अडीच लाख माणसे एका बाजूस आणि ‘अधिकृत आवाज’ दुसऱ्या बाजूस, ही स्थिती कायद्याने निर्माण केली होती. सरकार म्हणत होते, आम्ही बोलू ते त्यांच्याशीच.

असेच काहीसे चाळीस वर्षांनी एस.टी.त घडले. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस मान्यताप्राप्त संघटनांच्या कृती समितीने संप मागे घेतला, तरी कर्मचारी आगारांच्या दारांतून हलले नाहीत. आपल्या जिल्ह्यातील आगारेही ओस पडली. एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर माणसे कामावर परतली. विलीनीकरणाच्या मागणीबद्दल मतभेद असू शकतात. पण वाहक-चालकांचे मन त्यांच्याच नेत्यांना कळले नाही, ही बाब डाव्या कार्यकर्त्यांनी मालकवर्गाच्या खात्यावर टाकून मोकळे होता येणार नाही. संघटनेच्या आतही वर-खाली असतेच.

याच्या उलट उदाहरणही आहे, आणि ते आपल्या शेजारच्या राज्यातले आहे. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. स्वयंचलित मागांच्या एका विभागात कामाची इतकी विभागणी झाली होती की कोणाचा कोणाशी मेळ नव्हता. ठरावीक मागांची जबाबदारी एका लहान गटावर सोपवावी, एवढीच सूचना होती. कामगारांनी आपापले गट स्वतःच जुळवले. सुरुवातीच्या अडचणींनंतर उत्पादन वाढले, कापडाची नासाडी घटली. येथे कोणाला संभाषणकलेचे धडे दिले नव्हते. निर्णयाचा थोडा भाग खाली आला होता आणि बोलण्याला काही उपयोग उरला होता. बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या संशोधकाने पाहणी केली तेव्हा काही ठिकाणी ही पद्धत टिकली होती, काही ठिकाणी झिजून गेली होती. तेही सांगितले पाहिजे.

कायद्याने आपल्याकडे जागा ठेवलेल्या आहेत, पण अर्धवट. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर वा अधिक कामगारांच्या आस्थापनेत कार्यसमितीची कल्पना आणली. मालक व कामगार यांचे प्रतिनिधी असलेल्या या समितीने सलोखा वाढवायचा आणि अभिप्राय द्यायचा. निर्णय बंधनकारक नाही. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती तशीच आहे. संहितेत वीस वा अधिक कामगार असतील तेथे तक्रार निवारण समिती सांगितली आहे आणि तीत स्त्रियांचे प्रमाण कामगारांतील त्यांच्या प्रमाणाहून कमी असता कामा नये. ही तरतूद चांगली आहे. परंतु त्याच संहितेने लेखी स्थायी आदेशांची सक्ती तीनशे कामगारांच्या वर नेली. १९४६ च्या केंद्रीय कायद्यात ती शंभरांवर होती. म्हणजे एका हाताने तोंड उघडायला सांगायचे आणि दुसऱ्या हाताने नियमांचा फलक उतरवायचा.

हे खामगावात सांगताना मला एका विसंगतीची आठवण होते. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. तारायंत्रामुळे लिव्हरपूलचा व्यापारी वऱ्हाडातील कापसाची मागणी तारेने नोंदवू लागला. सातासमुद्रापलीकडचा भाव येथे पोचत होता. रेच्यापुढे बसून कापूस लावणाऱ्या बाईचा शब्द मात्र पन्नास पावलांवरील कचेरीत पोचत नव्हता. आजही जिनिंगचा धंदा हंगामी आहे. ठेकेदार माणसे आणतो, मुकादम हजेरी घेतो, हंगाम संपला की नाते संपते. पुढच्या वर्षी बोलावणे येईल की नाही हे मुकादमाच्या मर्जीवर असेल, तर रुईच्या धुळीने छाती भरते हे कोण बोलेल? हर्शमनच्या भाषेत येथे निघून जाणे सक्तीचे आहे आणि आवाज महाग आहे.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम १०८ मध्ये म्हटले होते की, सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत, मुख्य प्रवेशद्वाराजवळ लावाव्यात. परप्रांतातून आलेल्या मजुरांना मराठी वाचता येत नसेल, तर ती भाषा कोणती, हा प्रश्न आपणही विचारलेला नाही. तेव्हा येत्या हंगामात, रेचे सुरू होताच, प्रत्येक जिनपाशी जाऊन तीन गोष्टी लिहून आणाव्यात, अशी माझी या अभ्यासवर्गाला सूचना आहे : दारावर कोणती सूचना कोणत्या भाषेत आहे, तक्रार समिती असल्यास तीत बाया किती, आणि त्यांची नावे कामावरच्या बायांना माहीत आहेत काय. ही चौकशी मुकादमासमोर करू नये. पाळी सुटल्यावर, रस्त्यावर करावी.